आवाज न आलेलं मत

मतदान पथक निघून गेलं. पाण्याचे पेले आत ठेवून मी बाहेर आले, तर आत्या अजून त्याच खुर्चीत, रिकाम्या टेबलाकडे बघत बसलेली. "अगं, पण आवाज कुठं आला?" तिनं विचारलं. ती काय म्हणतेय ते मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. केंद्रावर बटण दाबलं की यंत्राचा तो लांबलचक आवाज येतो, त्याची ती वाट बघत होती. तो कानावर पडला की मत पोचलं, हा तिचा इतक्या निवडणुकांचा हिशेब. इथं घरात एक कागद, एक पेन, दोन पाकिटं आणि डिंकाचा वास. माणसं आली, पिशवी काखोटीला मारून गेली. "म्हणजे दिलं ना मी मत? की नुसता अर्ज भरून घेतला?" मी "दिलंस गं" म्हणून विषय संपवला, पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. २०२४ च्या लोकसभेच्या वेळची ही गोष्ट. त्यानंतर विधानसभाही होऊन गेली, तरी मतदानाचा विषय निघाला की मला आत्याची ती नजर आठवते.

आत्या तेव्हा ८८ वर्षांची. कराडात आतेभावाकडे तळमजल्यावर राहते, मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालते. त्याआधीच्या निवडणुकीत ती केंद्रावर गेली होती. शाळेच्या पायऱ्या चढताना एका बाजूनं मुलगा आणि दुसऱ्या बाजूनं ओळखपाळख नसलेला एक कॉलेजचा पोरगा, अशी तिला वर नेली होती. ज्येष्ठांना रांगेत उभं राहावं लागत नाही हे खरं, पण रांगेपर्यंत पोचायचं असतं ना. या खेपेला बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून काम करणाऱ्या अंगणवाडीताई घरी आल्या आणि त्यांनी घरून मत देण्याचा अर्ज, नमुना '१२ ड', पुढे ठेवला. साताऱ्याची अधिसूचना १२ एप्रिलला निघाली होती, त्यानंतर पाच दिवसांच्या आत हा अर्ज पोचायला हवा. ताईंनी बजावून सांगितलं, "आजी, एकदा घरून मत द्यायचं ठरलं की मग केंद्रावर जाऊन देता येणार नाही. यादीत नावापुढे पीबी लागतं, म्हणजे पोस्टल बॅलट, टपाली मत." आत्यानं लगेच सही केली नाही. कागद देवघराच्या फळीवर ठेवला. शेवटी मे महिन्यातल्या उन्हाचा विचार करून सही केली, पण मन लावून केली नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

पथक आलं ते सकाळी लवकर. दोन मतदान अधिकारी, एक कॅमेरावाला, एक पोलीस. चहाला सगळ्यांनी नको म्हटलं. जेवणाच्या टेबलावरचा फळांचा ट्रे उचलून तिथं त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, शाळेत दिसतो अगदी तसाच, फक्त मागच्या भिंतीवर फळ्याऐवजी आतेभावाच्या लग्नाचा फोटो. ओळखपत्र तपासलं. मतपत्रिकेचा क्रमांक एका अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचला, दुसऱ्यानं लिहून घेतला. घोषणापत्रावर आत्याची सही घ्यायची होती. तिचा हात कापतो, त्यामुळे 'श' ची गाठ सुटी पडली. तिनं मान वर करून विचारलं, "चालेल ना ही?" त्या बाई म्हणाल्या, "तुमचीच आहे ना आजी? मग चालेल." आणि खाली स्वतःची सही केली. मग आतेभाऊ पुढे झाला, "आई, मी वाचून दाखवू का नावं?" आत्यानं चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "मला दिसतंय. तू आत जा. सगळेच जा." कॅमेरावाल्यानं कॅमेरा वळवला. आम्ही स्वयंपाकघरात उभे राहिलो आणि बाहेर बराच वेळ काही हाललं नाही. पेनाचं टोपण लावल्याचा बारीकसा आवाज आला तेव्हा आम्हाला कळलं की झालं.

मतपत्रिका घडी घालून लहान पाकिटात. पाकीट चिकटवलं. ते लहान पाकीट आणि घोषणापत्र मिळून मोठ्या पाकिटात. तेही चिकटवलं. आत्या प्रत्येक घडीकडे टक लावून बघत होती.

आवाज मात्र आला नाही.

तिची जुनी माहिती ऐकण्यासारखी आहे. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, त्यामुळे तिचं पहिलं मत १९५७ चं. द्वैभाषिक मुंबई राज्य होतं, संयुक्त महाराष्ट्राचं वारं जोरात होतं, आणि नव्या नवरीला सासूबरोबर मतदानाला धाडलं होतं. तेव्हा कागदावर खूण करायची नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि आपला कागद हव्या त्या पेटीत सोडायचा. पेटी पत्र्याची, म्हणून कागद आत पडताना खरखर ऐकू यायची, असं ती सांगते. पुढे शिक्का आला. शिक्क्याची शाई दुसऱ्या घरात उमटू नये म्हणून घडी कशी घालायची हे तिनं आम्हा मुलींना तांदळाच्या पिशवीच्या कागदावर शिकवलं होतं. मग यंत्र आलं आणि त्याचा आवाज आला. नंतर यंत्राशेजारी ती काच आली, जिच्यात चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. म्हणजे दर वेळी मत दिल्याची काहीतरी खूण तिला मिळत गेली होती. घरच्या टेबलावर पहिल्यांदाच कसली खूण मिळाली नाही. तिची बेचैनी मला म्हातारपणाचा हट्ट वाटत नाही. जी गोष्ट आपण देऊन टाकतो, ती पोचली का हे विचारायचा हक्क देणाऱ्याला असतोच.

मला मात्र टपाली मताची ओळख लहानपणापासूनची. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवडणूक आली की घरात ती आधी त्यांच्या ड्युटीच्या आदेशाच्या रूपानं यायची. आदल्या दिवशी ते तालुक्याला जाऊन सामान ताब्यात घेत. पेट्या, सुतळी, लाख, मेणबत्ती, पितळी शिक्के, शाईची बाटली, मतदार यादी, लिफाफ्यांची चळत. मग एसटीनं किंवा ट्रॅक्टरनं पाटण खोऱ्यातल्या कुठल्यातरी वाडीवर. रात्री शाळेच्या फरशीवर झोपायचं, पहाटे उठून थंड पाण्यानं आंघोळ करायची आणि दिवसभर गावाचं मत गोळा करायचं. परत यायला दुसऱ्या दिवसाची पहाट व्हायची, लाखेनं बोटं भाजलेली असायची. हजारो लोकांना मत देता यावं म्हणून हा माणूस राबायचा आणि त्याचं स्वतःचं नाव मात्र आमच्या गावच्या यादीत. त्यांच्या मताची सोय पाकिटातून. वेळेत अर्ज करायचा, मतपत्रिका घरी यायची, मग घोषणापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायला पुन्हा तालुक्याला फेरी. एका वर्षी ते पाकीट निकाल लागून गुलाल उधळून झाल्यावर घरी आलं. बाबा रागावले नाहीत. पाकीट न फोडता सर्व्हिस बुकाच्या फाइलीत ठेवून दिलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

आता ती तऱ्हा बदलली आहे. निवडणुकीच्या कामावर असलेल्यांनी प्रशिक्षणाच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रातच मत द्यायचं आणि तिथंच जमा करायचं, असा नियम २०२३ मध्ये झाला. ज्याची ड्युटी स्वतःच्याच मतदारसंघात आहे, त्याला प्रमाणपत्र दाखवून ड्युटीच्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येतं. माझी एक मैत्रीण माध्यमिक शाळेत आहे. ती सांगते, प्रशिक्षणाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मत देऊन होतं, आणि मग मतदानाच्या दिवशी डोक्यावर ते ओझं राहत नाही. बाबांना हे मिळायला हवं होतं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर कायद्यातच आहे. मतमोजणीच्या दिवशी सकाळी आठला पहिली मोजणी सुरू होते ती टपाली मतांची, यंत्रांचा नंबर त्यानंतर. आणि ती पाकिटं उघडण्याची रीत मला फार आवडते. आधी मोठं पाकीट फोडतात. त्यातलं घोषणापत्र बघतात, सही आहे का, क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळतो का. घोषणापत्र सापडलं नाही किंवा क्रमांक जुळला नाही, तर लहान पाकीट उघडतही नाहीत. जुळलं, तर नाव असलेला कागद एकीकडे जातो आणि लहान पाकिटं दुसरीकडे. त्यानंतर लहान पाकिटं उघडतात. मतपत्रिका बाहेर येते तोवर आत्याचं नाव तिच्यापासून सुटलेलं असतं. म्हणजे मत देणारी बाई खरी आहे याची खात्री आणि तिनं कुणाला दिलं याची गुप्तता, दोन्ही त्या दोन लिफाफ्यांत सांभाळलेलं आहे. म्हणूनच घोषणापत्र चुकून लहान पाकिटात गेलं की मत बाद होतं. यंत्राचं बटण दाबायला अक्कल लागत नाही, इथं मात्र प्रत्येक कागदाची जागा पाळावी लागते. पथकाच्या बाई आत्याला प्रत्येक पायरी दोनदा समजावून का सांगत होत्या, ते मला नंतर उमगलं. ४ जूनला सकाळी टीव्हीवर पहिले कल झळकायला लागले तेव्हा मी आत्याला फोन केला, "हे तुझ्यासारख्यांचं मोजतायत आत्ता. यंत्रांच्या आधी." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "यंत्रांच्या आधी?" पुढचा तासभर ती टीव्हीसमोरून उठली नाही, असं आतेभाऊ सांगत होता.

श्याम सरन नेगींची गोष्ट मी तिला त्यानंतर सांगितली. हिमाचलमधल्या किन्नौरचे हे शाळामास्तर. पहिली सार्वत्रिक निवडणूक देशात १९५२ च्या सुरुवातीला व्हायची होती, पण तोवर तिकडचे डोंगर बर्फानं बंद होतात. म्हणून त्यांच्या भागात मतदान लवकर घेतलं आणि २५ ऑक्टोबर १९५१ ला नेगींनी मत दिलं. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचं नाव झालं ते त्या बर्फामुळे. देशातलं पहिलं मत हेच मुळी लवकर घेतलेलं मत होतं, हा विचार माझ्या मनात पक्का बसला आहे. लोक मतदानाच्या तारखेपर्यंत पोचू शकत नव्हते, तर तारीख लोकांपर्यंत नेली. पुढे आयुष्यभर नेगी केंद्रावर जाऊन मत देत राहिले. २०२२ च्या विधानसभेला मात्र तब्येत साथ देईना आणि २ नोव्हेंबरला त्यांनी पहिल्यांदाच घरून, टपाली मतपत्रिकेवर मत दिलं. ५ नोव्हेंबरला ते गेले. हिमाचलचं मतदान झालं १२ नोव्हेंबरला आणि मोजणी ८ डिसेंबरला. म्हणजे बाकीच्यांनी मत दिलं तेव्हा ते हयात नव्हते, आणि तरीही त्यांचं मत देऊन झालं होतं.

हे ऐकून आत्या म्हणाली, "बरं झालं, त्यांचं राहिलं नाही."

एकाच दिवसाची अट किती माणसांना वगळते, याचा आपण फारसा विचार करत नाही. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते, तेवढ्यावर आपलं समाधान होतं. पण बाळंतीण त्या दिवशीही बाळंतीणच असते. डायलिसिसचा वार बदलत नाही. आजारी माणसाजवळ एकटीच असलेल्या बाईला सुट्टीचा उपयोग काय? आणि उन्हाळा असेल तर विचारूच नका. २० मे २०२४ ला मुंबई-ठाण्यात कित्येक केंद्रांवर लोक उकाड्यात ताटकळले, काही जण कंटाळून परतले. परतणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. ज्यांची पाठ दुखत होती, ज्यांना घरी तान्हं मूल होतं, त्यांना त्याच रांगेत आदल्या आठवड्यात उभं राहायची मुभा असती, तर ती रांग मुळात तेवढी लांब झाली नसती. लवकर मतदानाचा हा फायदा लवकर मत न देणाऱ्यालाही मिळतो.

आतेभावाची मुलगी अमेरिकेत ओरेगन राज्यात आहे, तिथली नागरिक झाली आहे. तिथं १९९८ मध्ये मतदारांनीच कौल देऊन सगळं मतदान टपालानं घ्यायचं ठरवलं. तिला मतपत्रिका दोन-तीन आठवडे आधी घरी येते, सोबत सरकारनं काढलेली पुस्तिका, तीत उमेदवारांची निवेदनं आणि प्रस्तावांच्या बाजूची-विरुद्धची मतं. ती कागद जेवणाच्या टेबलावर पसरते आणि रोज थोडं थोडं वाचते. राष्ट्राध्यक्षापासून नगरसेवकापर्यंतची नावं एकाच पत्रिकेवर, वर नव्या कायद्यांचे प्रस्ताव. एखादं नाव माहीत नसेल तर थांबते, शोधते, नवऱ्याशी वाद घालते, मग खूण करते. पाकिटावर सही करायची, ती नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात. पाकीट पोचलं की नाही हेही तिला कळतं. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिनं नेमका तोच मुद्दा पकडला, "तिला पोचल्याचं कळवतात?" मला मात्र त्यातल्या सवडीचा हेवा वाटला. केंद्रावर यंत्रासमोर मी उभी असते तेव्हा मागच्या बाईच्या बांगड्या वाजत असतात. ठरवून गेलेलं असतं म्हणून निभतं. पण उमेदवारांची यादी समोर ठेवून, चहा घेत, एकेका नावावर विचार करणं म्हणजे काय, हे मी कधी अनुभवलेलं नाही. आत्यानं अनुभवलं. आम्ही स्वयंपाकघरात ताटकळलो होतो तो सगळा वेळ तिचा होता.

माझ्या मनात या सगळ्याबद्दल धाकधूक नाही असं नाही. केंद्रावरच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाई एकटी असते. नवरा, सासरा, मुलगा, कुणीही असो, त्यानं दाराबाहेर थांबायचं. कित्येक बायकांना आयुष्यात मिळणारा तेवढाच एक कोपरा. मत घरी आलं की घरातली माणसंही त्याच्याभोवती येतात. आत्यानं मुलाला "आत जा" म्हटलं, कारण ती आत्या आहे आणि माझा आतेभाऊ ऐकणारा आहे. प्रत्येक घरात असं होईल? भारतात निदान पथक समोर असतं, चित्रीकरण असतं, उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही कळवलेलं असतं. ओरेगनच्या टेबलाजवळ तर कुणीच नसतं. म्हणून आपल्याकडे मतपत्रिका नुसती टपालपेटीतून घरोघर यावी असं मी म्हणणार नाही. पथकानं यावं, किंवा माणसानं आधीच्या दिवसांत एखाद्या केंद्रावर जावं, हे मला जास्त पटतं. दुसरी गोष्ट शेवटच्या आठवड्याची. प्रचार संपेपर्यंत काय बाहेर येईल, कोण काय बोलून बसेल सांगता येत नाही, आणि दिलेलं मत परत घेता येत नाही. हे नुकसान खरं आहे. पण ज्याला नाहीतर मतच देता आलं नसतं, त्याच्या बाबतीत ते पत्करण्यासारखं आहे.

आणि ७ मेची सकाळ. आत्या इरकल नेसून व्हरांड्यात बसली होती. शेजारणी मत देऊन परतताना बोट दाखवत होत्या. एक जण म्हणाली, "काकू, तुमचं तर कधीच झालं की!" आत्या हसली, पण त्या जत्रेत ती नव्हती. केंद्राबाहेर भेटणारी माणसं, "कशी आहेस, किती वर्षांनी" म्हणत धरलेले हात, हे घरी येणाऱ्या पथकाच्या पिशवीत नसतं. तेवढं मागे सुटतं, आणि त्याचं वाईट वाटायलाच हवं.

तिच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक काका राहतात. २०२४ ला ८२ वर्षांचे. फुफ्फुसं निकामी होत आलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, इमारतीला लिफ्ट नाही. घरी मतदानाची ही सोय २०१९ मध्ये नियम बदलून आली तेव्हा वयाची अट ८० होती. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, ती ८५ केली. अपंगत्वाच्या वाटेनं जावं तर ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं, आणि २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे जे २१ प्रकार आहेत त्यांत पार्किन्सन्स आहे, सिकलसेल आहे, काकांचा दम्यासारखा जुनाट फुफ्फुसाचा विकार नाही. केंद्रावर व्हीलचेअर मिळते, पण ती जिना चढून येत नाही. पथक तळमजल्यावर आत्याकडे येऊन गेलं, ते निघालं तेव्हा काका वरच्या गॅलरीत नळी सांभाळत उभे होते. मुद्दाम कुणी त्यांना डावललं नाही. पथकाच्या यादीत त्यांचं नाव असणं शक्यच नव्हतं. वयाऐवजी डॉक्टरचा दाखला चालला असता तर त्याच फेरीत, त्याच पुठ्ठ्याच्या आडोशामागे, त्यांचंही मत झालं असतं. ही सुधारणा अवघड नाही. वय मोजण्यापेक्षा माणूस घराबाहेर पडू शकतो का, एवढंच विचारायचं आहे.

आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. पूर्वी सैनिकाची मतपत्रिका टपालानं सीमेवर जायची आणि टपालानं परत यायची, त्यात मोजणीचा दिवस निघून जायचा. २०१६ पासून ती त्यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवतात. जवान ती छापून घेतो, खूण करतो आणि पाकीट टपालानं परत पाठवतो. मोजणीच्या दिवशी सकाळी आठपर्यंत ते पोचलं पाहिजे. निम्मं अंतर वाचलं. १९९७ मध्ये डेव्हिड वुल्फ या अमेरिकी अंतराळवीरानं तर मीर अंतराळस्थानकातून मत दिलं होतं, टेक्सासनं त्यासाठी कायदाच केला होता. म्हणजे मनावर घेतलं तर मत पृथ्वीबाहेरूनही येतं.

आणि कराडच्या आसपासच्या उसाच्या फडांत बीडहून, धाराशिवकडून आलेल्या टोळ्या असतात. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. त्या दिवशी मत देऊन आम्ही गावाकडच्या रस्त्यानं येत होतो, तर एका फडाजवळ पाचटाच्या सावलीत एक बाई कोयत्याला धार लावत बसली होती. मी विचारलं, "मत?" ती म्हणाली, "गावाकडं हाय नाव. भाऊबीज झाली की मुकादमानं गाडी लावली. त्याची उचल घेतलीया, निघावंच लागतंय." तिच्या बोटाला शाई नव्हती, उसाच्या पाल्यानं कापल्याचे बारीक चरे होते. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानाचं यंत्र निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ घेता येतील असं ते होतं. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवलं, शंका निघाल्या आणि गोष्ट तिथंच थांबली. त्या शंकांवर वाद घालायला हवा, घालू या. पण या बाईसाठी नवीन यंत्राचीही गरज नव्हती. त्या वर्षी भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि उमेदवारी मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली. म्हणजे गाड्या भरायला लागल्या त्याच सुमारास उमेदवारांची यादी पक्की झाली होती. शिक्षकांसाठी जसं सुविधा केंद्र असतं, तसं एक तिच्या तालुक्याच्या तहसीलात त्या आठवड्यात उघडलं असतं आणि ट्रक तिथं अर्धा तास थांबला असता, तर फडात उतरण्याआधीच टोळीतल्या सगळ्यांची मतं देऊन झाली असती.